पेशीतील ग्रंथभांडार आणि स्तनाचा कर्करोग

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



जैन समाजाने आपल्या ज्ञानभांडारांतून ग्रंथ जपले, याचा अभिमान प्रत्येक घरात आहे. परंतु ग्रंथ जपणे वेगळे आणि तो वाचला जाणे वेगळे. कर्नाटकातील मूडबिद्री येथे षट्खंडागमावरील ‘धवला’ टीकेची ताडपत्रे शतकानुशतके जतन केलेली होती. यात्रेकरू त्यांचे भक्तिभावाने दर्शन घेत. वाचन मात्र होत नसे. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या ग्रंथांच्या प्रती करवून घेण्याचा ध्यास घेतला. पुढे डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली धवलेचा पहिला खंड १९३९ साली अमरावतीहून प्रसिद्ध झाला. ग्रंथातील एक अक्षरही नव्याने लिहिले गेले नव्हते. बंद वेष्टन उघडले गेले, एवढेच. आणि तेवढ्याने सारे बदलले.

मानवी शरीरातील प्रत्येक पेशीत असेच एक ग्रंथभांडार आहे. त्याची वेष्टने कोण बांधतो, कोण सोडतो आणि त्या कामात बिघाड झाला म्हणजे स्तनाचा कर्करोग कसा फोफावतो, हा आजचा विषय आहे. विषय थोडा अवघड आहे. पण तो आपल्या घरातील माता-भगिनींच्या जीविताशी निगडित असल्यामुळे समजून घेण्यासारखा आहे.

आकडेवारीवरून त्याचे गांभीर्य लक्षात येते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार जणी दगावल्या. भारतीय स्त्रियांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग आज हाच आहे.

वेष्टनाची रचना

पेशीच्या केंद्रकात डीएनएचा जो धागा असतो, तो सरळ ताणला तर सुमारे दोन मीटर लांब भरेल. केंद्रकाचा व्यास मात्र मिलिमीटरच्या काही सहस्रांश भागाएवढाच असतो. एवढा लांब धागा एवढ्या लहान जागेत मावतो, कारण तो रिळांवर गुंडाळलेला असतो. हिस्टोन नावाच्या प्रथिनांचे आठ रेणू मिळून एक रीळ होते आणि त्याभोवती डीएनएच्या सुमारे १४७ अक्षरजोड्या जेमतेम पावणेदोन वेढे घेतात. रिळांच्या या माळेची कल्पना रॉजर कॉर्नबर्ग यांनी १९७४ मध्ये मांडली आणि १९९७ मध्ये झुरिच येथील शास्त्रज्ञांनी रिळाची सूक्ष्म रचना प्रत्यक्ष उलगडून दाखविली. डीएनए, हिस्टोन आणि त्यांच्या सोबतीची इतर प्रथिने यांच्या या संपूर्ण गुंडाळीला क्रोमॅटिन म्हणतात.

डोळ्याच्या पेशीत आणि स्तनातील दूधग्रंथीच्या पेशीत ग्रंथ एकच आहे. डोळ्याची पेशी दूध निर्माण करीत नाही, कारण तिच्यातील ती पाने घट्ट बांधून ठेवलेली असतात. कोणते पान उघडे आणि कोणते बंद, यावर पेशीचा स्वभाव ठरतो. हे ठरविणाऱ्या कारागिरांना एन्झाइम, म्हणजे विकर, असे म्हणतात.

हिस्टोनच्या रिळातून काही टोके बाहेर डोकावत असतात. त्या टोकांवर ही विकरे रासायनिक खुणा करतात. अ‍ॅसिटिल गटाची खूण केली की हिस्टोनवरील धन विद्युतभार नाहीसा होतो, डीएनएवरील पकड सैल होते आणि ते पान वाचता येते. ही खूण पुसली की पान पुन्हा आवळले जाते. मिथिल गटाची खूण कोणत्या जागी आहे त्यावरून वेगवेगळे अर्थ देते; एके ठिकाणी ती ‘वाचा’ म्हणते, तर दुसऱ्या ठिकाणी ‘मिटून ठेवा’ असे सांगते.

न्यूयॉर्कचे व्हिन्सेंट ऑलफ्रे यांनी १९६४ मध्येच सुचविले होते, की अ‍ॅसिटिल गटाचा जनुकांच्या वाचनाशी संबंध असावा. परंतु खुणा करणारे हात दिसत नव्हते. डेव्हिड अ‍ॅलिस यांच्या प्रयोगशाळेने १९९६ मध्ये अशी खूण करणारे एक विकर ओळखले आणि त्याच वर्षी स्टुअर्ट श्रायबर यांच्या प्रयोगशाळेने ती पुसणारे विकर वेगळे केले. २००० मध्ये थॉमस येनुवाइन यांच्या गटाला हिस्टोनवर मिथिल गट बसविणारे विकर सापडले. मिथिलची खूण कायमची असते, असे तोवर अनेकांचे मत होते. २००४ मध्ये यांग शी यांच्या प्रयोगशाळेने ती पुसणारे विकरही दाखवून दिले. म्हणजे या खुणा दगडावरची रेघ नसून पाटीवरची अक्षरे आहेत, हे सिद्ध झाले. औषधाची आशा येथूनच निर्माण झाली. ग्रंथातील अक्षर बिघडले तर ते दुरुस्त करणे फार कठीण. परंतु वेष्टनाची गाठ चुकीची बसली असेल तर ती सोडविता येईल, असा हा विचार होता.

संप्रेरकाची हाक

स्तनाच्या कर्करोगाशी इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा निकटचा संबंध आहे. १८९६ मध्ये स्कॉटलंडचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी अंडाशय काढल्यावर काही स्त्रियांची स्तनातील गाठ आक्रसते, असे नोंदविले. कारण समजण्यास बराच काळ जावा लागला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एलवूड जेन्सन यांनी पेशीत इस्ट्रोजेनला पकडणारे ग्राही प्रथिन असते, हे दाखविले. जगभरातील सुमारे ७० टक्के स्तन-कर्करोगांत हे ग्राही आढळते. भारतात हे प्रमाण त्याहून काहीसे कमी आहे.

इस्ट्रोजेन ग्राहीला जाऊन मिळते, ग्राही डीएनएवर ठराविक जागी बसते आणि मदतनीस बोलावते. या मदतनिसांत पी-३०० नावाचे विकर असते. ते अ‍ॅसिटिलच्या खुणा करीत जाते, वेढे सैल होतात आणि पेशीविभाजनाची पाने वाचली जाऊ लागतात. निरोगी पेशीत हे काम मासिक चक्राप्रमाणे सुरू होते आणि थांबते. कर्करोगाच्या पेशीत ते थांबण्याचे नाव घेत नाही. १९९७ मध्ये अशाच एका मदतनीस प्रथिनाचे जनुक काही स्तन-कर्करोगांत अनेक पटींनी वाढलेले आढळले. त्याचे नावच ‘स्तन-कर्करोगात वाढलेले पहिले’ अशा अर्थाचे ठेवण्यात आले.

टॅमॉक्सिफेन ही गोळी अनेक कुटुंबांना परिचित आहे. तीही अखेरीस याच विकरांच्या द्वारे काम करते. टॅमॉक्सिफेन ग्राहीत जाऊन बसले की ग्राहीचा आकार असा बदलतो, की खूण करणाऱ्यांऐवजी खूण पुसणारी विकरे तेथे गोळा होतात. उघडलेली पाने मिटली जातात. ग्राही असलेल्या कर्करोगात ही गोळी पाच वर्षे नियमित घेतल्यास मृत्यूचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने घटते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसून आले आहे. ‘आता बरे वाटते’ म्हणून वर्षा-दोन वर्षांत गोळी सोडणाऱ्या भगिनींनी या ‘नियमित’ शब्दाकडे अवश्य लक्ष द्यावे.

हे सारे ज्ञान ज्या पेशींवरून मिळाले, त्यांचीही कथा आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यातील एका ख्रिस्ती साध्वीला हा रोग पसरलेल्या अवस्थेत होता. १९७० मध्ये तिच्या छातीत साठलेल्या पाण्यातून घेतलेल्या पेशी डेट्रॉइटच्या मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमध्ये वाढविण्यात आल्या. त्यांची माहिती १९७३ मध्ये प्रसिद्ध झाली. एमसीएफ-७ या नावाने ओळखला जाणारा तो वंश जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढतो आहे. ती साध्वी स्वतः या रोगातून वाचली नाही. तिच्या पेशींनी इतरांसाठी केलेले काम मात्र अजून संपलेले नाही.

याच मार्गावर महाराष्ट्राच्या एका कन्येनेही काम केले. पुण्यात १९१७ मध्ये जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली आणि स्तनाचा कर्करोग, संप्रेरके व आनुवंशिकता यांच्या संबंधांचा अभ्यास केला. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण देऊन गौरविण्यात आले.

बिघाडाचे अनेक प्रकार

कोणते विकर कसे बिघडते, याची काही उदाहरणे पाहू. ईझेडएच-२ नावाचे विकर हिस्टोनवर ‘मिटून ठेवा’ अशी मिथिलची खूण करते. गर्भाच्या वाढीत ते अत्यावश्यक असते. २००३ मध्ये मिशिगन विद्यापीठातील अरुल चिन्नैय्यन, सेलिना क्लीअर आणि सहकाऱ्यांनी २८० रुग्णांच्या नमुन्यांची तपासणी करून दाखविले, की हे विकर जेथे जास्त तेथे रोग अधिक आक्रमक. वाढीला लगाम घालणारी पानेच ते मिटवून टाकते, असा निष्कर्ष निघाला. परंतु गंमत अशी, की पुढे दुसऱ्या एका अभ्यासात ही मिथिलची खूण ज्या गाठींत कमी आढळली, त्या रुग्णांची वाटचाल वाईट दिसली. विकर जास्त असणेही वाईट आणि त्याची खूण कमी असणेही वाईट! याचा अर्थ एवढाच, की ते विकर खुणा करण्यापलीकडेही काही कामे करीत असावे. अनेकान्ताचे संस्कार झालेल्या मनाला यात नवल वाटू नये. एका बाजूने पाहून ‘हेच खरे’ म्हणणे येथेही चालत नाही.

दुसरा प्रकार रिळे सरकविणाऱ्या यंत्रणेचा. त्यातील एआरआयडी-१-ए हे प्रथिन नष्ट झाले, तर स्तनाची पेशी आपला मूळ स्वभाव विसरू लागते आणि संप्रेरकविरोधी औषधांना दाद देईनाशी होते, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. तिसरा प्रकार केएटी-६-ए या अ‍ॅसिटिलची खूण करणाऱ्या विकराचा. काही स्तन-कर्करोगांत आठव्या गुणसूत्राचा एक तुकडा अनेक पटींनी वाढलेला असतो; हे विकर त्याच तुकड्यावर असते आणि त्याच्या अतिरेकाने इस्ट्रोजेन-ग्राहीचे उत्पादनच वाढते.

औषधांचा शोध: आशा आणि कसोटी

विकर ओळखले म्हणजे त्याला अडविणारे औषध शोधता येते. पण येथे संयमाची परीक्षा असते. खूण पुसणाऱ्या विकरांना अडविणाऱ्या एन्टिनोस्टॅट या औषधाचे उदाहरण बोलके आहे. १३० रुग्णांच्या दुसऱ्या टप्प्यातील चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. एक्सेमेस्टेन या प्रचलित गोळीसोबत हे औषध घेतलेल्या स्त्रियांचे मध्यमान आयुर्मान २८.१ महिने, तर केवळ गोळी घेतलेल्यांचे १९.८ महिने दिसले. सर्वत्र मोठी आशा पसरली. मग ६०८ रुग्णांची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी झाली. २०२१ मध्ये तिचे निष्कर्ष आले, तेव्हा दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. त्याच जातीच्या ट्युसिडिनोस्टॅट या औषधाने मात्र चीनमधील ३६५ रुग्णांच्या चाचणीत रोग थोपविण्याचा काळ ३.८ महिन्यांवरून ७.४ महिन्यांवर नेला आणि २०१९ मध्ये तेथे त्याला मान्यता मिळाली.

या घटनेतून सामान्य माणसाने घ्यायचा बोध महत्त्वाचा आहे. वर्तमानपत्रात ‘कर्करोगावर रामबाण’ अशी बातमी वाचली, की घर-दागिने विकून परदेशी औषध मागविण्याची घाई होते. १३० जणींत दिसलेला लाभ ६०८ जणींत टिकला नाही, हे अशा वेळी स्मरावे. प्रयोगशाळेतील यश, लहान चाचणीतील यश आणि मोठ्या चाचणीतील यश या तीन निरनिराळ्या पायऱ्या आहेत.

केएटी-६ला अडविणाऱ्या एका नव्या औषधाचे प्राथमिक निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. फुल्व्हेस्ट्रन्ट या इंजेक्शनसोबत ते घेणाऱ्या ४३ रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के जणींची गाठ लक्षणीयरीत्या लहान झाली. बहुसंख्य रुग्णांच्या जिभेची चव बिघडली, हा त्याचा सर्वाधिक दिसणारा दुष्परिणाम. हा आकडा आशादायक खरा, पण तो अजून पहिल्याच पायरीवरचा आहे.

एका बाबतीत मात्र सर्व पायऱ्या चढून झाल्या आहेत. पीएआरपी-१ हे विकर क्रोमॅटिनवर पहारा देते. डीएनए तुटला की ते तेथे धावते, हिस्टोनवर लांब साखळ्या जोडून जागा मोकळी करते आणि दुरुस्तीचे कारागीर बोलावते. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुके दुरुस्तीचा दुसरा मार्ग सांभाळतात. यांपैकी एखादे जनुक जन्मतः सदोष असले, तर स्तनाच्या व बीजांडाच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो. २००५ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखविले, की असा दोष असलेल्या कर्कपेशीत पीएआरपीलाही अडविले तर पेशी तग धरू शकत नाही. ओलापॅरिब हे औषध याच तत्त्वावरचे. ३०२ रुग्णांच्या चाचणीत रोग थोपविण्याचा काळ ४.२ महिन्यांवरून ७ महिन्यांवर गेला आणि जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली. लाभ महिन्यांत मोजावा लागतो, ही वस्तुस्थिती आहे. पण ज्या माऊलीला लेकीचे लग्न पाहायचे असते, तिला ते महिने थोडे नसतात.

समाजाने काय करावे

काही व्याख्याने व पुस्तके क्रोमॅटिनवरील या खुणांची तुलना कर्मबंधाशी करतात. तुलना आकर्षक आहे. तथापि ती जपूनच करावी. जैन दर्शनात कर्म हेही पुद्गलच. परंतु कार्मण वर्गणा ही अतिसूक्ष्म पुद्गलांची संकल्पना प्रयोगशाळेतील मिथिल गटाला चिकटविणे हा दर्शनावरही अन्याय आहे आणि विज्ञानावरही. त्याहून मोठा अन्याय रुग्ण स्त्रीवर होतो. ‘तिचे कर्म’ असे म्हणून शेजारी मोकळे होतात आणि ती बिचारी लाजेने गाठ लपविते. असातावेदनीय कर्माचा उदय मानणाऱ्या परंपरेनेच औषधदानाला चार दानांत स्थान दिले आहे. उपचार हाही पुरुषार्थच आहे.

दुसरी गोष्ट आहाराची. मद्याने स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे सिद्ध आहे. तेव्हा मद्यत्यागाचा नियम आरोग्याच्या दृष्टीनेही हितकारक ठरतो. परंतु ‘आपण शाकाहारी, रात्रिभोजन न करणारे, आपल्या घरी हा रोग येणार नाही’ ही समजूत चुकीची आहे. रजोनिवृत्तीनंतरचे वाढलेले वजन, व्यायामाचा अभाव, वाढते वय आणि कुटुंबातील पूर्वेतिहास यांना शाकाहाराचे कवच थोपवू शकत नाही. सूनबाईने उपवास केले म्हणून तिची गाठ विरघळत नाही. ती डॉक्टरांना दाखवावीच लागते.

तिसरी आणि कदाचित सर्वांत नाजूक गोष्ट कुटुंबाच्या इतिहासाची. मुलीचे लग्न जुळताना अडचण येऊ नये म्हणून आई, मावशी वा आत्याचा कर्करोग लपविण्याची प्रथा अनेक समाजांत आहे. हे लपविणे त्या मुलीलाच महागात पडू शकते. बीआरसीए दोष वडिलांकडूनही येतो, हेही लक्षात ठेवावे. योग्य वेळी तज्ज्ञांचा आनुवंशिक सल्ला आणि आवश्यक वाटल्यास चाचणी झाली, तर सावध राहता येते. आणि रोग झालाच, तर कोणते औषध उपयोगी पडेल, हेही त्यावरून ठरते.

शेवटची गोष्ट सर्वांत सोपी आहे आणि तिचा पुरावा आपल्या मुंबईतलाच आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईतील वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वर्षे वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, एकूण चार वेळा, स्त्रियांच्या स्तनांची हाताने तपासणी केली. महागडे यंत्र नव्हते, शिबिराचा थाट नव्हता. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात रोग पुढच्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत सापडण्याचे प्रमाण ३७ टक्के होते. इतर गटात ते ४७ टक्के होते. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मृत्यूंमध्ये तसा फरक दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

विकरांवरील औषधे महिने मिळवून देतात. वेळेवर झालेली तपासणी वर्षे मिळवून देऊ शकते. सुवर्ण महोत्सवाच्या निमित्ताने ट्रस्टला एखादा संकल्प करावयाचा असेल, तर तो हाच असावा: पाठशाळेच्या किंवा स्थानकाच्या एका खोलीत, प्रशिक्षित सेविकेकडून, दर दोन वर्षांनी, पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक भगिनीची तपासणी, आणि ज्यांच्या कुटुंबात रोगाचा इतिहास आहे, त्यांना त्याआधीपासून तज्ज्ञांकडे पाठविण्याची व्यवस्था. त्यासाठी फार मोठा निधी लागत नाही. लागते ती एक नोंदवही, चार कार्यकर्त्या आणि घराघरांत जाऊन ‘संकोच करू नका’ असे सांगणारा एक आपुलकीचा आवाज. औषधदानाइतकेच अभयदानाचे पुण्य त्यात आहे.

जय जिनेन्द्र!